अडतीच्या ओट्यावर गणित

दारव्हा

दारव्ह्याला माझं पत्र माझ्या आधी पोचलेलं होतं आणि त्याला हार घातलेला होता. धान्याच्या अडतीच्या दुकानात, गादीच्या मागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ते काचेत बसवून टांगलं होतं. आपल्याकडे हार कोणाच्या तसबिरीला घालतात हे ठाऊक असल्यामुळे मी जरा चपापलो. अडतीचे मालक उत्तमराव हात जोडून म्हणाले, "सर, हेच ते. येनाऱ्या-जानाऱ्याले पयले हेच दाखवतो मी."

पत्र तीन ओळींचं होतं. डॉ. वनिता राठोड यांचा शोधनिबंध मी तपासला आहे, सिद्धता पूर्ण आणि बरोबर आहे, काम उत्तम दर्जाचं आहे. खाली माझी सही. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझी सही इतक्या आदराने टांगलेली मी स्वतःच्या घरीही पाहिलेली नाही.

पुण्याहून बडनेरा आणि तिथून कारंजामार्गे दारव्हा या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की बायकोने बळेच दिलेला मोरावळा पिशवीत सांडला आणि माझ्या दोन शर्टांना त्याचा वास परतेपर्यंत राहिला.

उत्तमरावांचं काम काय आहे ते आधी सांगायला हवं. शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणाऱ्या अडतीत पूर्वी एक चाल होती. प्रत्येक कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे, थोडं काही धर्मादाय म्हणून बाजूला ठेवायचं. त्यातून कुठे गोशाळा उभी राही, कुठे पाणपोई, कुठे देवळाचा सभामंडप. उत्तमरावांनी गादीवर बसल्यावर शेतकऱ्याकडून ते घेणं बंद केलं, आपल्या अडतीतून, म्हणजे दलालीतून, बाजूला काढायला सुरुवात केली आणि गेली काही वर्षं ते सगळं गणिताला देताहेत. ज्यातून बियाणं, खत, औषध यातलं काहीही निघत नाही अशा शुद्ध गणिताला. विज्ञानाला मदत करणारे धनिक मी पुण्यातही पाहिले आहेत. त्यांना आधी इमारत दिसते आणि मग इमारतीवरचं नाव. उत्तमरावांकडे इमारत नाही. एक संशोधक आहे, तिचा महिन्याचा खर्च आहे, तिला लागतील ती पुस्तकं आहेत, आणि तिचं लिखाण तपासणारा बाहेरचा एक वाचक आहे. तो वाचक मी. तीन वर्षं हे काम मी पुण्यात बसून टपालाने केलं होतं.

"पण गणितच का?" मी विचारलं. जेवायला बसलो होतो. गोवरीच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, आणि रोडगा फोडून त्यात ओतलेलं तूप. पुण्यात एवढं तूप वाढलं तर डॉक्टरचं नाव निघतं.

"यवतमाळले बीएस्सीच्या पयल्या वर्षाले होतो," उत्तमराव म्हणाले. "एका मास्तरनं एका तासात फळ्यावर दाखवलं का मूळ संख्या कधी संपत नाहीत. मंग बाप बिमार पडला, मी शिक्षण सोडून अडतीवर आलो. तवापासून लय माल पाह्यला सर. कापूस संपते, सोयाबीन संपते, मानूस बी संपते. न संपनारं मी थे एकच पाह्यलं, अन् थे बी सिद्ध करून दाखवलेलं."

त्यांचा मुलगा प्रशांत समोर जेवत होता. चाळिशीचा, शेतीची पदवी घेतलेला, चेहऱ्यावरून शांत. त्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"सर, मी स्पष्टच सांगतो," तो म्हणाला. "मले इथं मातीची लॅब पाह्यजे. आपले लोक माती न तपासता खत टाकून राह्यले. बाबांले कायमचा निधी गणितासाठी करायचा हाय. परवाच्या सभेत थे जाहीर करनार. आमचं असं ठरलं का वनिताताईचा निकाल पक्का असला तं गणित. कच्चा निघाला तं माती. तुम्ही सांगा, पक्का हाय न?"

"पक्का," मी म्हणालो, आणि आणखी एक रोडगा घेतला.

सभा म्हणजे इथलं 'वर्षाचं सांगणं'. ही उत्तमरावांची अट आहे. वर्षातून एकदा, बाजाराच्या दिवशी लिलाव उरकल्यावर, संशोधकाने अडतीच्या ओट्यावर बसायचं आणि वर्षभरात काय केलं ते माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना सांगायचं. काही सापडलं नसेल तर तेही सांगायचं. ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यायचं. ऐकून मला गंमत वाटली होती. पुण्याच्या परिसंवादांत व्याख्यान संपल्यावर आपलं अज्ञान उघडं पडू नये म्हणून कोणी प्रश्न विचारत नाही, मग सगळे चहाकडे वळतात. इथे काय विचारणार, असं मनात आलं.

बोरी अरब

दुसऱ्या दिवशी वनिताला भेटायला निघालो. जीपमध्ये पुढच्या सीटवर आम्ही चौघे होतो, ड्रायव्हर धरून. गिअर बदलायची वेळ आली की तो मला "सर, पाय" म्हणायचा आणि मी पाय उचलायचा, असं बोरीपर्यंत चाललं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधल्या ओळींत शेंगा धरलेली तूर. बायका पाठीला फडकं बांधून वेचणीत होत्या. मी शहरी माणसासारखा सुंदर आहे वगैरे म्हणालो. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "दिसाले चांगलाच दिसते जी. वेचाले या."

वनिताचा तांडा गावाबाहेर आहे. तिच्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत नेत. आता तीच घरं कापूस-तुरीची शेती करतात. तांड्यात पाहुणा आला की आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओसरीवर टेकतो, मग ज्याच्याकडे आला त्याच्याकडे जातो. नायक सत्तरीचे, पांढऱ्या फेट्याचे. त्यांनी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात पुढे सरकवली. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगा सोलून दाणे तोंडात टाकायचे, टरफलं बाजूला. एकदा सुरू केलं की हात थांबत नाही.

"पुन्याच्या गुरुजी," नायक म्हणाले, "आमची छोरी शादी नाई करत, नोकरी नाई करत. दिवसभर भिताडावर रेघा मारते. तांड्यात लोक बोलते. मी त्याईले सांगतो, का पुन्याच्या मानसानं लिहून देल्लं हाय. थे खरं हाय न?"

"अगदी खरं," मी म्हणालो. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

वनिता एकतीस वर्षांची. नागपूरला पीएच.डी. करून परत आलेली. तिच्या खोलीची एक भिंत काळ्या रंगाने रंगवून तिने फळा केला आहे. तिची आई दारातच ज्वारी निवडत बसली होती. तिने "बेसो, बेसो" म्हणून माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि पुन्हा सुपाकडे वळली.

वनिताचा विषय सांगायला सोपा आहे. कागदावर ठिपके काढायचे आणि काही ठिपके रेषांनी जोडायचे. आता एका ठिपक्यापासून निघून, रेषांवरूनच जात, प्रत्येक ठिपक्याला एकदाच भेट देऊन पहिल्या ठिपक्याला परत येता येईल का? एका ठरावीक घडणीच्या जाळ्यात ते नेहमी जमतं, ठिपके कितीही असोत, हे तिने सिद्ध केलं होतं. जगात मोजकी माणसं या प्रश्नावर झुरतात आणि त्यांना हा निकाल मोठा वाटला होता.

मी खुर्चीत टेकल्यावर ती बसली नाही. खडू हातात घेऊन उभीच राहिली.

"सर, अकराव्या पानावर चूक हाय," ती म्हणाली. "दिवाळीत सापडली. ठिपके विषम असतील तं सिद्धता बरोबर हाय. सम असतील तं मी तिथं नुसतं 'याचप्रमाणे' लिहिलंय. याचप्रमाणे होत नाही. करून पाह्यलं."

तिने फळ्यावर करून दाखवलं. दहा मिनिटं लागली. सम ठिपक्यांच्या जाळ्यात तिसऱ्या पायरीवर वाट दोन तुकड्यांत फुटत होती आणि ते तुकडे जोडायला रेष शिल्लक राहत नव्हती. निकाल खोटा आहे असं नाही. खरा की खोटा, हे कोणालाच माहीत नाही, एवढंच. म्हणजे वर्षभराच्या कामातलं अर्धं उभं होतं आणि अर्धं पडलं होतं.

या 'याचप्रमाणे'बद्दल थोडं सांगतो, कारण ही आमच्याच जातीची चूक आहे. गणितात एखादी गोष्ट दोन बाजूंनी दाखवायची असेल तर पहिली बाजू सविस्तर लिहितात आणि दुसरीपुढे 'याचप्रमाणे' लिहून सोडून देतात. लिहिणारा कंटाळलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो शब्द दिसला की हायसं वाटतं. अकरावं पान मला आठवत होतं. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, बायको आतून हाका मारत होती. मी त्या शब्दापाशी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. सम ठिपके मी तपासलेच नव्हते. हे वनिताला ठाऊक नव्हतं. मला होतं.

"लेख नियतकालिकातून परत मागवला मी," ती म्हणाली. "उद्या ओट्यावर सांगनार."

मी जे बोललो ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "दोन-तीन महिने थांब. कदाचित जोडता येईल. जोडलं गेलं तर सांगायची गरजच नाही. उद्या सांगितलंस तर निधी जाईल, तुझाही खर्च बंद होईल." यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरी मी माझ्या पत्राबद्दल बोलत होतो.

"निधी जाईल हे मले माहीत हाय सर," ती म्हणाली. "मंग नागपूरले शिकवण्या घेईन. पण सांगणं या वर्षाचं हाय नं? या वर्षी चूक सापडली." तिने खडू खाली ठेवला. "तुमचं नाव नाही घेनार मी. चूक माही हाय."

मला लाज वाटली. निघताना नायकांच्या ओसरीवरून जावं लागलं. त्यांनी राम राम केला, मी मान खाली घालूनच उत्तर दिलं.

पुन्हा दारव्हा, बाजाराचा दिवस

सकाळी उत्तमरावांनी मला लिलाव दाखवला. सोयाबीनच्या कट्ट्यांच्या रांगा, त्यांच्या पुढे व्यापारी, आणि सगळ्यांच्या पुढे रहीमभाई मापारी. माल मोजणं आणि त्याचा नमुना काढणं हे त्यांचं काम. हातात परखी होती. परखी म्हणजे टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी नळी, कट्ट्यात खुपसली की आतलं मूठभर धान्य बाहेर येतं. रहीमभाई प्रत्येक कट्ट्यात ती तीनदा खुपसत होते, वर, मध्ये आणि पार तळाशी. ओळखीच्या शेतकऱ्याचा माल असला तरी तीनदाच. एकजण म्हणालाही, "चाचा, माहा माल तुम्ही दरसाल पाह्यता." रहीमभाई "हो न बेटा" म्हणाले आणि तळाशी परखी खुपसली.

दुपारी लिलाव संपला. ओट्यावर सतरंजी अंथरली गेली, गुळाचा चहा आला. पाच-पन्नास माणसं उन्हाला पाठ करून बसली. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, बरोबर माझ्या हार घातलेल्या पत्राखाली.

वनिताने कागद आणला नव्हता.

"मागच्या साली मी इथं सांगतलं होतं," ती म्हणाली, "का दारव्ह्याहून जीप निघाली अन् रस्ते एका पद्धतीनं बांधले असले, तं प्रत्येक गावाले एकदाच जाऊन ती दारव्ह्याले परत येऊ शकते. गावं कितीही असोत. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. थे अर्धंच खरं निघालं. गावं विषम असली तं खरं हाय. सम असली तं मले माहीत नाही. मी सिद्ध केलं असं समजत होती, पण केलं नव्हतं. चूक दिवाळीत माह्याच हाती लागली."

उत्तमरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे कच्चा," प्रशांत हलकेच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"अर्धा," वनिता म्हणाली.

मग मागून रहीमभाई उठले. "बेटी, तुले तं तुहा माल चांगलाच वाटनार," ते म्हणाले. "आपला माल सबको चांगलाच वाटते. पण इथं बाहेरचा मानूस ठेवला होता न, तपासाले? त्यानं परखी कुठं मारली?"

वनिता म्हणाली, "चूक माही होती चाचा."

"थे समजलं," रहीमभाई म्हणाले. "मी थे नाही विचारलं."

पुण्यात मला असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी त्याला गणितातलं गुंतागुंतीचं काहीतरी सांगून गप्प केलं असतं. इथे काय सांगणार? माझा गुडघा दुखतो, त्यामुळे उठायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात बसून राहण्याचा विचारही येऊन गेला. पण मी उठलो.

"तो माणूस मी," मी म्हणालो. "वरूनच पाहिलं. तळाशी गेलो नाही. पत्रात मात्र 'तपासला' असं लिहिलं. नीट तपासला असता तर मागच्याच वर्षी चूक सापडली असती. आणि परवा प्रशांतरावांना मी पक्का म्हणून सांगितलं, काल तांड्यावर नायकांनाही. कालच वनिताने मला चूक दाखवली, तेव्हा मी तिला गप्प राहायला सांगितलं. तिने ऐकलं नाही."

शेवटची दोन वाक्यं बोलायची मी ठरवली नव्हती. ती आली. वनिता खाली सतरंजीकडे बघत होती.

मग उत्तमरावांनी टोपी परत घातली.

"प्रशांत, तुले शब्द देला होता," ते म्हणाले. "कच्चा निघाला तं माती. निकाल कच्चा निघाला. पन मले एक सांग, या बाजारात स्वतःच्या कट्ट्याले स्वतः परखी मारनारा मानूस तू कधी पाह्यला काय?"

प्रशांतने मान हलवली. नाही.

"मी बी नाही. मी काहून थांबवू हिले?"

"मी थांबवा म्हनतच नाही बाबा," प्रशांत म्हणाला. "ताईले द्या. माती पुढच्या साली पाहू. पन मापारी बदला."

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो. उत्तमराव हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "मापारी बदलून काय होते? दुसरा बी पुन्याहूनच वाचनार. सर, तुम्ही इथं बसून वाचान काय?"

तांड्यावर

परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. ते रद्द करून मी चार दिवस वनिताच्या खोलीत बसलो. बायकोला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "तिकडे काय सापडलं?" मी म्हणालो, "अकरावं पान." तिने मोरावळ्याची चौकशी केली.

पहिल्या दिवशी आधी नायकांकडे गेलो. परवा मी खोटं बोललो असं त्यांना सांगितलं. नायकांनी बराच वेळ शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "छोरीनं खरं बोल्लं न? मंग मी लोकाईले आता काय सांगू?" मी म्हणालो, चार दिवसांनी सांगतो.

वनिता भिंतीवर लिहायची, मी विचारायचो. बेचाळीस पानं. दर 'याचप्रमाणे'पाशी आम्ही थांबायचो आणि दुसरी बाजू पूर्ण लिहून काढायचो. असे शब्द एकूण सात निघाले. त्यातले सहा खरे होते. चाळीस वर्षांत इतकं सावकाश मी काहीच वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझंच एक चुकलं आणि वनिताने ते न बोलता पुसलं. तिची आई मधून मधून ज्वारीची भाकर आणि ठेचा आणून ठेवायची. एकदा ती भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "हे सगळं तूनं पयले पाह्यलं नव्हतं?" तिच्या बोलीत माझ्याशीही 'तू'च होतं. मी म्हणालो, "नाही, याडी." याडी म्हणजे आई, एवढं मला तोवर कळलं होतं. तिने भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

सम ठिपक्यांचं कोडं सुटलं नाही. ते अजूनही सुटलेलं नाही.

पाचव्या दिवशी नायकांच्या ओसरीवर बसून मी नवं पत्र लिहिलं आणि आधी त्यांना वाचून दाखवलं. विषम ठिपक्यांसाठी सिद्धता पूर्ण आहे. सम ठिपक्यांसाठी नाही, आणि ती कशी करावी हे मला माहीत नाही. प्रत्येक पान मी पाहिलं आहे. नायक म्हणाले, "हं. हे सांगता येते."

दारव्ह्याला पत्र उत्तमरावांच्या हाती देताना मी जुनं मागितलं. म्हटलं, ते आता काढून टाका, मी घेऊन जातो. त्यांनी नवं पत्र दोनदा वाचलं, गादीखालून खिळा आणि हातोडी काढली आणि जुन्याच्या खाली भिंतीत खिळा ठोकला.

"नाही सर," ते म्हणाले. "दोन्ही राहू द्या."

आता दारव्ह्याच्या त्या भिंतीवर माझी दोन पत्रं आहेत, एकाखाली एक. पुढच्या वर्षी सांगण्याला मला पुन्हा ओट्यावर बसायचं आहे, तेव्हा ती दिसतीलच. वरच्याला हार आहे, खालच्याला नाही. खालचं मी वाचून लिहिलं आहे.